घर, ग्रंथ आणि गावची जागा



खानदेशातल्या उन्हाळ्यात संध्याकाळी व्याख्यानाला माणसे जमतात, याचे श्रेय वक्त्याच्या वाणीला किती द्यावे आणि दिवसभर तापलेल्या घराच्या भिंतींना किती द्यावे, हा वादाचा प्रश्न आहे. आम्ही त्या वादात पडत नाही. मात्र त्या तापलेल्या, लहानशा घराविषयीच आज बोलावयाचे आहे, आणि त्याच्या जोडीला आणखी एका घराविषयी. ते म्हणजे ग्रंथांचे घर. ही दोन्ही घरे नगराच्या मालकीच्या एकाच जागेवर, एकाच छपराखाली उभी राहावीत, खाली सार्वजनिक वाचनालय असावे आणि वरच्या मजल्यांवर सामान्य माणसास परवडतील अशी बिऱ्हाडे असावीत, असा विचार आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथमदर्शनी हा विचार चमत्कारिक वाटेल. घराचा प्रश्न भाकरीच्या शेजारचा आणि वाचनालयाचा प्रश्न फुरसतीच्या शेजारचा, अशी आपली समजूत असते. महापालिकेच्या दप्तरातही त्यांच्या फाईली वेगळ्या कपाटांत असतात. पण ज्याच्या घरी जागाच नाही, त्याच्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ते कसे, हे आधी पाहू.

जळगावच्या डाळीच्या किंवा चटईच्या कारखान्यात काम करणारा, धुळ्यात यंत्रमागावर उभा राहणारा, बाजार समितीत हमाली करणारा, दुकानात हिशेब लिहिणारा, अशा कोणाही माणसाचे बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले होते, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. त्यात ओटा, मोरी, संडास, एक पलंग, धान्याचा डबा, एक म्हातारी, दोन कर्ती माणसे आणि दोन शाळकरी मुले. पावसापाण्यातून सुटलेल्या कुटुंबास हे घर म्हणजे वैकुंठ आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्या घरातल्या दहावीच्या मुलीने रात्री आठ वाजता पुस्तक कोठे उघडावे? दिवा लावला तर म्हातारीची झोप मोडते, आणि दूरदर्शन बंद करा म्हटले तर दिवसभर राबून आलेला बाप चिडतो. कोणाचाच दोष नाही. दोष चौरस फुटांचा आहे.

म्हणूनच आपल्या दोन्ही शहरांत अभ्यासिका निघाल्या. पोलीस भरतीची, लोकसेवा आयोगाची तयारी करणारी तालुक्यातली मुले दरमहा पैसे भरून तेथे एक खुर्ची आणि एक दिवा विकत घेतात. हा व्यवसाय वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या गोष्टीसाठी गरीब घरातली मुले पैसे मोजतात, त्या गोष्टीची गरज गावाला आहे, याचा याहून निराळा पुरावा कशास हवा?

ही गरज आजची नाही. आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या वाचकांपैकी एकाचे उदाहरण घेऊ. भीमराव आंबेडकर शाळेत असताना त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत असे. सामानसुमान, स्वयंपाक, झोप आणि अभ्यास हे सर्व त्या एकाच खोलीत. शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्याच्यावर पडली. त्यांनी त्याला पुस्तके देण्यास सुरुवात केली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे ते कुटुंब परळलाच पोयबावडीजवळच्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहावयास गेले. हा ट्रस्ट म्हणजे १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईची दाटी कमी करण्यासाठी सरकारने स्थापलेली संस्था. तिच्या चाळीत बाबासाहेबांकडे दोन खोल्या होत्या, आणि त्यांपैकी एक अभ्यासासाठी होती. त्याच चाळीतून ते अमेरिकेला गेले, आणि तेथेच परत येऊन पुढे बरीच वर्षे राहिले. ग्रंथ त्या खोलीत मावेनासे झाले, तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० नंतरच्या काळात त्यांनी 'राजगृह' बांधले, आणि ते बांधताना ग्रंथसंग्रहाचा विचार आधी केला.

या हकीगतीतून आम्ही एवढाच अर्थ काढतो: सार्वजनिक संस्थेने बांधलेल्या स्वस्त चाळीत एका विद्वानाला दुसरी खोली मिळाली, आणि तिचा उपयोग काय झाला, ते सारे जग जाणते. प्रत्येक बिऱ्हाडाला दुसरी खोली देणे कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यातले नाही. पण चाळीस बिऱ्हाडांना मिळून एक मोठी दुसरी खोली देता येते. त्या दुसऱ्या खोलीचेच नाव सार्वजनिक वाचनालय. वाचनालय म्हणजे शहराने प्रत्येक लहान घराला जोडून दिलेली दुसरी खोली होय. आमच्या आजच्या भाषणाचा गाभा एवढाच आहे. बाकीचे सर्व त्याचे विवरण.

आता कोणी म्हणेल, खानदेशाला हे कोठून सुचावे? आम्ही म्हणतो, खानदेशालाच सुचावयास हवे. धुळे शहर कसे वसले ते पाहा. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने येथे जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. पांझरेच्या काठी नवी पेठ वसवावयाची, तर माणसे यावीत कशी? त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना व बाहेरून येणाऱ्यांना उचल रकमा दिल्या. आपण आज ज्या सरळ, आकड्यांच्या गल्ल्यांतून हिंडतो, त्या गावाचा पाया सार्वजनिक जागेवर परवडणारी घरे या धोरणावरच घातला गेला आहे. फरक एवढाच की तेव्हा जागा कायमची देऊन टाकली. ओसाड मुलखात ते शहाणपणाचे होते. आज शहराकडे ज्या थोड्या जागा उरल्या आहेत, त्या अशा देऊन टाकल्या तर पुढच्या पिढीला द्यावयास काही उरणार नाही.

राहणे आणि वाचणे एकत्र आणण्याची परंपराही आपल्याकडे आहे. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापले. तेथे अभ्यासकांनी येऊन राहावे, ग्रंथ वाचावेत आणि चिंतन करावे, अशी सोय होती. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते याच मंदिरात. पुढे १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना त्यांनी छात्रालय सांभाळले आणि तेथल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. मुलांच्या अंथरुणापासून चार पावलांवर वाचावयाचा मजकूर असला म्हणजे काय होते, हे ज्यांनी त्या छात्रालयाच्या आठवणी वाचल्या आहेत त्यांना सांगावयास नको. आणि ग्रंथांना स्वतःचे घर नसले म्हणजे काय हाल होतात, हे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या आयुष्यावरून दिसते. गावोगाव हिंडून त्यांनी कागद जमविले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचा देहान्त झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन होऊन त्या संग्रहाला निवारा मिळाला. माणसाला घर हवे तसे कागदालाही हवे.

जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचे आहे. अशा जुन्या संस्थांनी आपल्या भागात वाचनाची ज्योत तेवत ठेवली. परंतु शहर जुन्या पेठांच्या बाहेर मैलोगणती पसरले, आणि वाचनालये बहुधा जुन्या पेठांतच राहिली. मद्रासने १९४८ सालीच घरपट्टीवर ग्रंथालयांसाठी उपकर बसविला. महाराष्ट्राने १९६७ चा ग्रंथालय कायदा केला, तेव्हा तसा उपकर न ठेवता संस्थांना वर्गवारीने अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. अनुदानातून पुस्तके येतात आणि ग्रंथपालाचे तुटपुंजे वेतन निघते. नव्या वस्तीत जागा घेऊन इमारत बांधणे त्यातून होत नाही. जागा फक्त नगराकडे आहे. म्हणून वाचनालयाला नगराची जागा हवी, आणि नगराच्या जागेवर पहिला हक्क बेघरांचा, असा पेच उभा राहतो. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये म्हणून दोघांनी एकाच जागेवर राहावे, हाच त्यावरचा तोडगा आहे.

घरांचा विषय जळगावात काढताच एक कडू स्मरण जागे होते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९० नंतरच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेने ११ हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना हाती घेतली. प्रत्यक्षात दीड हजारांच्या आसपास पुरी झाली. २००६ साली महापालिकेच्या आयुक्तांनी फिर्याद दिली. जागेची मालकी, बिनशेती परवानगी आणि ठेकेदारास दिलेल्या रकमा, असे मुद्दे त्यात होते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. पुढे अपिले झाली. तो न्यायालयाचा विषय आहे आणि आम्हांस कोणाची नावे घ्यावयाची नाहीत. आम्ही हिशेब मांडतो तो दुसऱ्या बाजूचा. ज्या कुटुंबांनी स्वतःच्या दाराची वाट पाहिली, त्यांची मुले या वर्षांत मोठी होऊन संसाराला लागली. म्हणून या प्रकरणातून 'घरकुलांच्या वाटेस जाऊच नये' असा धडा घेणे म्हणजे दूध नासले म्हणून गाय विकण्यासारखे आहे. खरा धडा असा की जागा आधी निर्विवाद नगराच्या नावावर असावी, योजना लहान असावी, आणि हिशेब चावडीवर असावा.

आता क्षणभर दूर जाऊ. अमेरिकेत शिकागो शहरात घरे बांधणारे मंडळ वेगळे आणि ग्रंथालये चालविणारे मंडळ वेगळे, आपल्यासारखेच. त्या दोघांनी मिळून २०१९ साली तीन ठिकाणी अशा जोडइमारती उघडल्या. दोन ठिकाणी प्रत्येकी ४४ बिऱ्हाडे वृद्धांसाठी आणि तिसऱ्या ठिकाणी ७३ बिऱ्हाडे, आणि तिन्ही ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालय. त्याआधी २०११ साली मिलवॉकी शहरात ग्रंथालयावर ४७ बिऱ्हाडे बांधली; ती नातवंडांना वाढविणाऱ्या आजीआजोबांसाठी होती. न्यूयॉर्कमध्ये सनसेट पार्क भागात ४९ घरांच्या तळाशी नवे ग्रंथालय २०२३ साली उघडले, आणि इनवुड भागात १७४ घरांच्या इमारतीत २०२४ साली. या दोन्ही जागी आधी जुने ग्रंथालय होते. ते पाडावयाचे म्हटल्यावर लोकांच्या मनात शंका आली की घरे होतील आणि ग्रंथालय मात्र जाईल. ती शंका रास्तच होती. तेथे काम चालू असताना ग्रंथालय जवळच दुसरीकडे तात्पुरते चालू ठेवले, आणि नंतरच ते नव्या जागेत आले. आपण शिकावयाचे ते हेच. श्रीमंत देशाचा पैसा आपल्याकडे नाही, पण त्यांचा क्रम आपल्याला उचलता येईल.

पैसा नाही म्हटल्यावर आकडेमोड करणे प्राप्त आहे. उदाहरणादाखल अर्ध्या एकराचा, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटरचा, नगराच्या मालकीचा एक तुकडा धरा. त्यापैकी फक्त ४०० चौरस मीटरवर इमारत उभी करा. तळमजला सगळा वाचनालयाचा. वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर दहा बिऱ्हाडे. जिना व भिंती धरून प्रत्येकी ४० चौरस मीटर. चाळीस कुटुंबांची सोय झाली, एक वाचनालय झाले, आणि १,६०० चौरस मीटर अंगण उरले. त्यात दोन कडुनिंब लावले तर मे महिन्यात त्यांच्या सावलीत निम्मे गाव बसेल. एवढे सारे झाले तरी बांधकाम त्या जागेच्या क्षेत्रफळाइतकेच होते. जळगावची महापालिका सतरा मजली इमारतीत बसते. फुले मार्केट, गोलाणी मार्केट अशी व्यापारी संकुले आपण गावात उभी केली. दुकानांवर मजले चढविण्याची विद्या आपल्याला अवगत आहे; मग वाचनालयावर चार मजली घर अवघड का व्हावे?

घरांसाठी केंद्राचे व राज्याचे अनुदान आहे, ग्रंथालयासाठी निराळे आहे. दोन्ही पैसे एका इमारतीत आले तर पाया एक, छप्पर एक, विहीर किंवा नळजोड एक आणि रखवालदार एक. बचत येथे आहे. शिवाय १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांसाठी जी बारावी अनुसूची दिली, तिच्या अठरा विषयांत झोपडपट्टीची सुधारणाही आहे आणि शैक्षणिक-सांस्कृतिक कार्यही आहे. म्हणजे घटनेने ही दोन्ही कामे एकाच घरमालकाकडे सोपविली आहेत.

परंतु बांधकामात काही पथ्ये आहेत. ग्रंथांचे वजन भारी, म्हणून त्यांची जागा तळमजल्यावरच. वरच्या मोऱ्यांचे नळ ग्रंथांच्या दालनावरून कधीही नेऊ नयेत. एक नळ गळला तर शंभर वर्षांचा संग्रह एका रात्रीत लगदा होतो. रहिवाशांचे दार व जिना वेगळा, वाचकांचे दार वेगळे, विजेचे मीटर वेगळे. गच्चीखालच्या घरांना आपल्याकडचे ऊन सोसवत नाही, म्हणून गच्चीवर सावलीची तजवीज हवी. वाचनालय मात्र चार मजल्यांच्या सावलीत आपोआप थंड राहील. चालता न येणाऱ्या वृद्धांना पहिला मजला द्यावा. आणि वाचनालय संध्याकाळी पाचला बंद होत असेल तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. दहावीची मुलगी रात्री आठला यावयाची आहे, म्हणून रात्री दहापर्यंत दिवा हवा.

कारभाराचीही पथ्ये आहेत. जागा विकावयाची नाही आणि कायमची देऊनही टाकावयाची नाही; ती नगराच्याच नावावर राहील आणि घरे माफक भाड्याने किंवा मुदतीच्या पट्ट्याने दिली जातील. मुदत संपली की कोणाचा काय हक्क, हे करारात पहिल्याच दिवशी स्वच्छ लिहावे. पालिकेच्या संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ साली संपल्यावर किती वर्षे वाद चालला, हे जळगावकरांना ठाऊक आहे. घरे उघड्या सोडतीने, सर्वांसमक्ष वाटावीत. भाड्याचा ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या खात्यात पडावा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येऊ नये. वर्षाचा जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर लावावा; वाचता येणारी माणसे तेथे रोज येणारच आहेत.

काही सुशिक्षित मंडळींची एक शंका आमच्या कानांवर आहे. वर गरिबांची वस्ती झाली की वाचनालयाची शांतता जाईल, असे ती म्हणतात. त्यांना आमचे विनयाने सांगणे आहे की शांततेची खरी भूक ज्यांच्या घरी शांतता नाही त्यांनाच असते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, व आप्ताने टिपून ठेवली, म्हणून ती १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने जगापुढे आली. टिपून घेणारे घरातच होते, हे मराठीचे भाग्य. किती घरांतली गाणी टिपणाऱ्यावाचून गेली असतील, याचा हिशेब कोणाजवळ नाही. ज्या जिल्ह्याने निरक्षर बाईकडून एवढे घेतले, त्या जिल्ह्याने गरिबाच्या पायरवाची धास्ती घेऊ नये.

दुसरी शंका उलट बाजूची आहे. पोटाला नाही तेथे पुस्तक कशाला, असे काही कळवळ्याची माणसे विचारतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की, तुम्ही तुमच्या मुलांना घर दिलेत तेव्हा पुस्तक नाकारलेत काय? गरिबाला निवारा तेवढा पुरे आणि विद्या नंतर, ही वाटणी आपण स्वतःच्या घरी कधी करीत नाही. मग ती त्याच्या घरी का करावी?

तेव्हा आमची विनंती मोठी नाही. महापालिकेने आपल्या मालकीच्या जागांची नोंदवही लोकांसाठी खुली करावी. जळगावात एक आणि धुळ्यात एक, असे दोन निर्वेध तुकडे त्यातून निवडावेत. अकरा हजारांचे स्वप्न नको. चाळीस घरे आणि एक वाचनालय, एवढेच दोन्ही गावांनी पुरे करून दाखवावे. मत मागावयास जे येतील त्यांना आपण रस्ते व पाणी विचारतोच. त्याच दमात हेही विचारावे. वाचनालयांच्या चालकांनीही आपली जुनी इमारत हा गड समजून आत बसू नये; नव्या वस्तीत शाखा काढण्यासाठी त्यांनीच प्रथम अर्ज करावा.